गाठीतला ऑक्सिजन

कोविडच्या साली घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आमच्याही कपाटात होता. माझा खोकला हटेना तसं सूनबाई रोज संध्याकाळी तो माझ्या बोटाला लावायची. आकडा यायचा 96, नाहीतर 97. त्यामुळे मिरजेत कॅन्सरला शेक, म्हणजे रेडिएशन, देणाऱ्या डॉक्टर मॅडम जेव्हा म्हणाल्या, "काका, तुमच्या गाठीच्या काही भागात ऑक्सिजन फारच कमी असावा असं वाटतंय, आणि तो मोजायचा एक स्कॅन आम्ही अभ्यासासाठी करतोय," तेव्हा मी आधी तेच विचारलं. रक्तात 97 आहे, गाठ फुफ्फुसात आहे, आणि फुफ्फुसात तर हवाच हवा. मग नेमका तिथंच ऑक्सिजन कमी कसा पडतो?

या प्रश्नाच्या मागे लागूनच मी त्या स्कॅनपर्यंत पोचलो. तेव्हा मराठीत याविषयी काही वाचायला मिळतंय का ते मुलाने पुष्कळ शोधलं, हाती काही लागलं नाही. म्हणून हे लिहून ठेवतोय.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. शिक्षण रसायनशास्त्रातलं बी.एस्सी., पण सगळी उमर बागेत आणि बेदाण्याच्या शेडवर गेली. गणपतीच्या सुमारास खोकल्यातून रक्त पडलं. एक्स-रेत डाग दिसला आणि आपल्याकडे बहुतेकांचं होतं तसंच झालं, टीबीच्या गोळ्या चालू झाल्या. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी गोळ्या चालूच. वजन उतरत गेलं. मग सीटी, मग सुईने काढलेला तुकडा, मग रिपोर्ट. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात स्क्वॅमस जातीचा कॅन्सर, तिसरा टप्पा. छातीच्या मधल्या गाठींपर्यंत पोचलेला, म्हणून ऑपरेशन नाही. दर आठवड्याला केमोचं सलाईन आणि सोबत शेक, 60 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप), 30 भागांत, सहा आठवडे. या सगळ्यावर वेगळं लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना ते माहीत आहे, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना ते कधी कळायची वेळ येऊ नये.

उपचार ठरवण्याआधी साधा पेट (PET) स्कॅन झालाच होता. त्यात साखरेसारखं औषध देतात, एफडीजी. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात, म्हणून गाठ चमकते. त्या फिल्मवर माझी गाठ कडेने उजळलेली होती आणि मधे एक काळा खड्डा होता. मॅडमनी तिथं पेनाचं टोक ठेवलं. "हा मधला भाग मेलेला आहे. तिथपर्यंत रक्त पोचलं नाही म्हणून मेला. माझी काळजी याच्या कडेची आहे. तिथं अशा पेशी असतात की ज्या उपाशी आहेत, पण जिवंत आहेत."

तेव्हा मी त्यांना आमच्या ड्रीपचं सांगितलं. मोटार चालू, मेन लाईन भरलेली, मोटारीजवळचा मीटर बरोबर प्रेशर दाखवतोय, आणि तरी ओळीतली शेवटची झाडं सुकतात. कुठं लॅटरल मुडपलेली असते, कुठं ड्रीपर क्षाराने बुजलेले असतात. मीटर खोटं बोलत नसतो, पण तो मोटारीजवळचं सांगतो, शेवटच्या झाडाचं नाही. मॅडम म्हणाल्या, "अगदी हेच. तुमचा ऑक्सिमीटर बोटातल्या रक्ताचं सांगतो. गाठीतलं नाही."

पुढचं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. गाठ वाढताना घाईघाईने स्वतःच्या रक्तवाहिन्या तयार करते. त्या वेड्यावाकड्या असतात, गळक्या असतात, काही मधेच बंद पडतात. ऑक्सिजन वाहिनीतून बाहेर पडला की पेशींमधून झिरपत पुढे जातो आणि वाटेतली प्रत्येक पेशी आपला वाटा उचलते. त्यामुळे वाहिनीपासून मिलिमीटरचा सातवा-आठवा हिस्सा अंतर गेलं की जवळजवळ काही उरत नाही. इंग्लंडात थॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी हे 1955 साली मांडलं, आणि ते मांडताना त्यांच्यासमोर काप होते ते फुफ्फुसाच्याच कॅन्सरचे. मला याचं फार अप्रूप वाटलं. फुफ्फुसात सगळीकडे हवा असूनही गाठ आतून गुदमरते, हे सगळ्यात आधी फुफ्फुसाच्या गाठींमध्येच नीट मोजलं गेलं.

आता हे मोजून करायचं काय? शेकाचे किरण पेशीच्या डीएनएत मोडतोड करतात. जवळ ऑक्सिजन असला तर ती मोडतोड कायमची होते, नसला तर पेशी तिची बरीचशी डागडुजी करून घेते. ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला म्हणून अडीच ते तीन पट किरण लागतात. म्हणजे माझ्या गाठीला सगळीकडे सारखे 60 ग्रे दिले तरी सगळीकडे ते सारखे लागू पडणार नाहीत. मी लगेच म्हणालो, "मग सगळीकडेच जास्त द्या की." मॅडमनी मान हलवली. अमेरिकेत ते करून पाहिलंय. 60 ऐवजी 74 ग्रे दिले, निकाल 2015 साली छापून आला. 74 वाल्यांचं मध्यम आयुष्य 20.3 महिने भरलं आणि 60 वाल्यांचं 28.7. गाठीशेजारीच हृदय आहे, अन्ननलिका आहे, चांगलं फुफ्फुस आहे, जास्तीचे किरण त्यांनाही लागतात. "म्हणूनच कुठं जास्त हवंय ते आधी नेमकं कळायला पाहिजे," त्या म्हणाल्या.

आणि याच्या पाठोपाठ त्यांनी जे सांगितलं, त्यासाठी मी त्यांना कायम मान देईन. "पण काका, हा स्कॅन केला म्हणून तुमचा उपचार बदलणार नाही. तुम्हाला 60 ग्रेच मिळणार. यातून तुमचा थेट फायदा काही नाही. नाही म्हणालात तरी मला राग नाही, आणि तुमच्या उपचारात कणभर फरक पडणार नाही."

संमतीचे कागद मराठीत होते, बरेच होते. घरी नेऊन वाचायला दिले. रात्री जेवणं उरकल्यावर मुलाने मोठ्याने वाचले. तो बिथरलाच. "फायदा नाही म्हणतायत, मग आपण कशाला? आधीच अंगात ताकद नाही. पुन्हा सुई, पुन्हा किरणोत्सर्ग." हिचा प्रश्न वेगळा होता, नातीला काही बाधा होईल का. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. मी त्यांना एवढंच म्हणालो, की मला देणार तो 60 चा आकडा आभाळातून पडलेला नाही. कुणीतरी आधी आपलं अंग पुढं केलं, काहींनी 74 घेऊन त्याचा त्रासही सोसला, तेव्हा 60 हाच बरा हे कळलं. त्या माणसांची नावं मला माहीत नाहीत. त्यांच्यामुळे माझा उपचार ठरला. मग माझ्या पाळीला मी मागं का सरू?

मुलाचं समाधान झालं नाही. पण साक्षीदार म्हणून सही त्यानेच केली.

औषधाचं नाव फ्लोरोमिसोनिडाझोल. तिथं सगळे त्याला एफमिसो म्हणतात. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला यातली गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुलाब लागले की आपण मेट्रोजिल घेतो, ते मेट्रोनिडाझोल. हे त्याच्याच कुळातलं. ऑक्सिजन नसेल तिथं जगणारे जंतू मेट्रोनिडाझोल मारतं, त्यामागची युक्ती इथंही आहे. रेणू पेशीत शिरतो, पेशी त्याला एक इलेक्ट्रॉन देते. ऑक्सिजन असला तर तो ते इलेक्ट्रॉन काढून घेतो, रेणू पुन्हा मूळपदावर येतो आणि जसा आला तसा बाहेर पडतो. ऑक्सिजन नसला तर पेशी त्याला आणखी इलेक्ट्रॉन देत जाते, रेणूचं रूप बदलतं आणि तो पेशीतल्या प्रथिनांना चिकटून बसतो. मग तिथून निघत नाही. त्याच्या अंगावर फ्लोरिन-18 हा किरणोत्सर्गी अणू बसवलेला असतो, त्यामुळे तो कुठं अडकलाय ते पेटच्या यंत्राला दिसतं. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की इलेक्ट्रॉन द्यायला पेशी जिवंत लागते. मेलेल्या भागात हे औषध टिकत नाही. म्हणजे उपाशी पण जिवंत, एवढ्याच पेशी ते नेमक्या दाखवतं. याचा थोरला भाऊ मिसोनिडाझोल पूर्वी शेकाचा परिणाम वाढवायला म्हणून देऊन पाहिला होता. पण पुरेशा मात्रेत दिला की हातापायांच्या नसांना इजा व्हायची, म्हणून मागे पडला. डेन्मार्कमध्ये याच कुळातलं निमोराझोल डोक्या-मानेच्या कॅन्सरला शेकासोबत देतात. स्कॅनसाठी जेवढं एफमिसो लागतं ते अगदीच कणभर असतं, त्याने नसांना काही होत नाही.

अडचण होती ती या औषधाच्या आयुष्याची. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. ते तयार करायला सायक्लोट्रॉन नावाचं मोठं यंत्र लागतं, आणि आमच्यासाठी ते मुंबईहून गाडीने यायचं. टेक्निशियन मुलाने मला हिशोब मांडून दाखवला. मला सुई द्यायच्या वेळी 10 मिलिक्युरी (किरणोत्सर्गाचं माप) हवेत. मुंबईहून इथवर सात तास वीस मिनिटं धरली तर चार वेळा निम्मं होणार. म्हणजे तिथून निघताना 160 भरून घ्यायला हवेत. 160 चे 80, 80 चे 40, 40 चे 20, 20 चे 10. पहाटे मुंबईत कुणीतरी जागून ते बनवायचं, तपासायचं, शिशाच्या डब्यात घालायचं, आणि ड्रायव्हरने ते घेऊन निघायचं.

पहिल्या वेळी मी सकाळीच जाऊन बसलो. हाताला सलाईनची सुई लावून ठेवली होती. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, गाडी नाही. मग फोन आला. खंबाटकी घाट चढताना पुढे कंटेनर बंद पडला होता आणि साताऱ्याकडे येणारी सगळी वाहतूक थांबली होती. गाडी आली तेव्हा पावणेचार तास उशीर झालेला. तोवर 10 चे अडीचसुद्धा धड उरले नव्हते. एवढ्यावर चित्र येत नाही, नुसता गोंगाट येतो. मॅडम स्वतः बाहेर आल्या, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, आज नाही करायचं. कमी औषधावर ओढूनताणून केलेलं चित्र कुणाच्याच उपयोगाचं नाही." हातातली सुई काढली. मुलगा परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द बोलला नाही. मला मात्र त्या ड्रायव्हरचं वाईट वाटत होतं. पहाटेपासून एवढी जपून आणलेली वस्तू घाटात उभ्या उभ्या त्याच्या डोळ्यांदेखत संपत गेली असणार.

पुढच्या आठवड्यात गाडी वेळेत आली. पेठ नाका सोडल्याचा फोन आला, मग आष्टा सोडल्याचा, आणि मुलगासुद्धा माझ्याआधी उठून दारात जाऊन उभा राहिला. डबा हाताएवढाच, पण उचलणाऱ्याचा खांदा एका बाजूला कलला होता, इतकं शिसं. तो जाड काचेच्या आडोशामागे गेला. मोजणीच्या यंत्रात बाटली घातली, आकडा वहीत लिहिला, मग शिशाच्या वेष्टणातली सिरिंज भरली. सुई टोचल्यापासून मिनिटभरात काम संपलं. जळजळ नाही, चव नाही, काही नाही.

त्यानंतर वाट बघायची. साखरेच्या स्कॅनला तासाभरात आत घेतात. हे औषध रक्तातून सावकाश उतरतं, म्हणून दोन ते चार तास थांबावं लागतं. मला जवळजवळ तीन तास बसवलं. खोली वेगळी, भिंती जाड, संडास वेगळा. पाणी पीत राहायचं आणि लघवीला जात राहायचं, कारण नको असलेलं औषध त्या वाटेने जातं. मोबाईल होता, पण बघावासा वाटेना. बागेत ऑक्टोबर छाटणी होऊन फुटी आल्या होत्या, डावणी रोगाची फवारणी त्याच दिवशी व्हायला हवी होती, आणि ढगाळ हवा पडली होती. माझं सगळं चित्त तिकडे. आजारपणात माणूस आजाराचाच विचार करत बसतो असं लोकांना वाटतं. माझं तसं झालं नाही.

मशीनवर झोपवलं ते साध्या गादीवर नाही. शेकासाठी जी कडक सपाट फळी वापरतात तीच इथंही होती. हात डोक्यावर, हाताला धरायला दांडा, छातीवर गोंदलेले बारीक ठिपके लेझरच्या रेषेवर जुळवून घेतलेले. दोन्ही ठिकाणी शरीर एकाच ठेवणीत असलं तरच हे चित्र शेकाच्या नकाशावर बसवता येतं. पोटाला एक पट्टा बांधला. श्वास घेताना गाठ वरखाली हलते, आणि स्कॅन तर मिनिटामिनिटांचा असतो. साध्या फोटोसारखा श्वास धरून तो काढता येत नाही. पट्टा श्वास कुठवर आलाय ते यंत्राला सांगतो, मग यंत्र श्वासाच्या एकेका टप्प्याची माहिती वेगळी ठेवतं. मला फक्त एकच सूचना होती, नेहमीसारखा श्वास घ्या. खोकला येऊ नये म्हणून आधी औषध दिलं होतं, तरी दोनदा आलाच. खांदे भरून आले. मधेच दुसऱ्या हातातून थोडं रक्त काढलं. त्या रक्तात औषध किती आहे ते मोजतात आणि गाठीतल्या मोजमापाला त्याने भागतात.

बाहेर आल्यावर शिळ्या भाकरीचा काला आणि ताक घेतलं, हिने डब्यात दिलं होतं. त्या रात्री नातीला जवळ घेतलं नाही. सकाळपर्यंत औषध जवळजवळ संपतं, चोवीस तासांत ते तेरा वेळा निम्मं होतं. एवढ्या औषधातून अंगाला चार-पाच मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, सगळ्या माणसांना निसर्गातून सरासरी दोन वर्षांत मिळतो साधारण तितका. जिला गाठ नाही, तिला तो कशाला द्यायचा, म्हणून नात त्या रात्री आत्याकडे झोपली.

चार-पाच दिवसांनी मॅडमनी पडद्यावर चित्र दाखवायला बोलावलं. मला वाटलं होतं साखरेच्या स्कॅनसारखं लखलखीत काहीतरी दिसेल. तसं नव्हतं. सगळं धुरकट, यकृत उजळ, बाकी शरीर राखाडी. या औषधाचा हा स्वभावच आहे. चांगल्या भागात आणि उपाशी भागात फरक पडतो, पण थोडाच. मॅडमनी साखरेचं चित्र डावीकडे लावलं आणि हे उजवीकडे. डावीकडे गाठीची पूर्ण कड पेटलेली. उजवीकडे तीच गाठ, पण उजळलेला भाग फक्त मागच्या बाजूला, पाठीच्या कण्याकडे, करंगळीच्या पेराएवढा. मधला खड्डा दोन्हीकडे काळाच. पुढची कड डावीकडे भगभगीत आणि उजवीकडे काहीच नाही. तिथल्या पेशी साखर भरपूर खातात, पण त्यांना ऑक्सिजन मिळतोय. रक्ताच्या मानाने त्या मागच्या भागात औषध 1.6 पट होतं. ऑक्सिजन कमी आहे असं म्हणायला कुणी 1.2 ची हद्द धरतं, कुणी 1.4 ची. माझं दोन्हीच्या वर होतं.

मी बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिलो. आजार झाल्यापासून मला सगळे आकडे सांगत होते, टप्पा सांगत होते. इथं पहिल्यांदा गाठीची जागाजागा वेगळी दिसली. मनात आलं ते बोललो, "मग आता इथं जास्त किरण द्या ना."

मॅडमनी पुन्हा तेच सांगितलं, पण या वेळी कारणं देऊन. चित्रातला एकेक ठिपका चार-चार मिलिमीटरचा आहे. ऑक्सिजन संपतो तो मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात. म्हणजे एका ठिपक्यात लाखो पेशींची सरासरी आली, त्यात उपाशी आणि पोट भरलेल्या दोन्ही. शिवाय काही रक्तवाहिन्या आज बंद असतात आणि उद्या उघडतात, म्हणून आजचा डाग उद्या तिथंच असेल याची खात्री नाही. फ्रान्समध्ये असा अभ्यास झालाय, 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ज्या रुग्णांत एफमिसो उजळलं, त्यांच्यातल्या ज्यांना झेपेल त्यांना 86 ग्रेपर्यंत डोस वाढवून दिला. तरी ज्यांची गाठ उजळली नव्हती त्यांच्यापेक्षा या रुग्णांचं वाईटच झालं. "म्हणजे हा डाग वाईट, एवढं नक्की कळलंय," मॅडम म्हणाल्या. "त्याचं नेमकं करायचं काय, तेच शोधतोय. ते न कळता मी तुमच्या कण्याजवळ डोस वाढवणार नाही."

ऐकून मी निराश झालो, हे खरं. पण फसवलं गेल्यासारखं मुळीच वाटलं नाही, कारण हे सगळं मला सही करण्याआधीच सांगितलेलं होतं. माझ्या हातात जे होतं तेही त्यांनी सांगितलं. हिमोग्लोबिन 9.8 वर आलं होतं, ते सावरायचं. बिडी मी सोडली होती, पण शेडवर मुकादम ओढायचा त्या धुरातही बसायचं नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साईड हिमोग्लोबिनला धरून बसतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. हिने लोखंडाच्या कढईत पालेभाजी सुरू केली, मॅडमनी लोहाचं सलाईन दिलं.

शेक सुरू झाला. दोन आठवडे झाल्यावर दुसरा एफमिसो स्कॅन झाला, तो अभ्यासात धरलेलाच होता. या वेळी गिळताना घसा दुखत होता, हात वर धरवत नव्हते, आणि खरं सांगायचं तर तो दिवस पहिल्यापेक्षा जड गेला. चित्रात मागचा डाग लहान झाला होता आणि फिका पडला होता. शेकाने भोवतालच्या पेशी मेल्या की ऑक्सिजन ओढणारी तोंडं कमी होतात आणि उरलेल्यांना तो मिळायला लागतो. शेक एकदम न देता रोज थोडा थोडा का देतात, त्याचं हे एक कारण. हे पुस्तकात आहे, पण आपल्याच छातीत ते होताना बघणं ही गोष्ट वेगळी. मुलगा तेव्हा शेजारी उभा होता. त्याने मॅडमना विचारलं, "या चित्राची कॉपी मिळेल का?" सीडी त्याच्या कपाटात आहे.

उपचार संपले. द्राक्षं निघाली, यंदा निम्मी बेदाण्याला घातली. तीन महिन्यांनी सीटी झाला. गाठ निम्म्याहून खाली आली आहे, मागच्या बाजूला थोडं काहीतरी उरलं आहे. ते जिवंत आहे की वण आहे, हे आत्ताच सांगता येत नाही. पुढच्या इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधाचं, बोलणं चालू आहे. ती वर्षभर घ्यायची आणि खर्च मोठा आहे, त्याचा हिशोब घरात चाललाय. शेकाचे पैसे महात्मा फुले योजनेतून झाले, हे इथं सांगायला हवं, कारण पुष्कळ लोक केशरी रेशनकार्ड घरात असूनही खासगीत कर्ज काढतात.

त्या सीटीच्या दिवशी बाकावर जतकडचे एक गृहस्थ भेटले. माझ्याच वयाचे, तसलीच गाठ, मांडीवर तेच संमतीचे कागद. मला विचारलं, "पाव्हणं, तुम्ही केलंय म्हणं हे. सही करू का?" मी त्यांना हो म्हणालो नाही आणि नको म्हणालो नाही. सुई कशी असते, किती वेळ बसावं लागतं, हात किती दुखतात, गाडी आली नाही तर फुकटचा हेलपाटा होतो, चित्रात काय दिसतं आणि त्याने आज आपल्याला काय मिळत नाही, सगळं सांगितलं. मी का केलं तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझ्यानं इतका वेळ बसवणार नाही. पाठ लई दुखती." आत जाऊन त्यांनी मॅडमना तसं सांगितलं. मॅडमनी कागद परत घेतले, त्यांच्या पाठदुखीचं औषध बदलून दिलं आणि शेकाची तारीख दिली, त्याच आठवड्यातली.